गाडी कुठं लावायची?

पुण्याहून येणारी ट्रॅव्हल्स रात्री अडीच-तीनला मला कोल्हापूरच्या तावडे हॉटेलला टाकते आणि तशीच बेंगळुरूच्या दिशेनं निघून जाते. तावडे हॉटेल म्हणजे आमच्याकडं हॉटेल नव्हे, स्टॉप. तिथं रिक्षा मिळेपर्यंत करायला काही नसतं, म्हणून मी ट्रक बघत उभा राहतो.

परवा एक तमिळनाडूतल्या नामक्कलची गाडी लागली होती. ताडपत्री करकचून आवळलेली, आरशाला बनियन वाळत घातलेलं. मागच्या चाकाच्या आडोशाला स्टोव्ह फरफरत होता आणि क्लीनर पोरगं मोबाईलच्या उजेडात तांदूळ धूत होतं. ड्रायव्हरनं मोडक्या हिंदीत शिरोली एमआयडीसी विचारली. म्हटलं, पंचगंगेचा पूल ओलांडा, आलीच. पण त्याला घाई नव्हती. कारखान्याचं गेट सकाळी उघडणार, तोवर पलीकडं जाऊन उभं कुठं राहायचं? इथं चहा आहे, पंक्चरवाला आहे, पाण्याचा नळ आहे.

आमच्या लहानपणी ट्रक गावाच्या पोटात यायचे. लक्ष्मीपुरीत धान्याच्या पोत्यांना हमालाचा हूक लागला की येणारा आवाज अजून कानात आहे. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेल्या शाहूपुरीत तर गुळाचा वास आधी यायचा, गाडी नंतर दिसायची. पुढं गूळ मार्केट यार्डात गेला, ट्रक त्याच्या मागोमाग. मग गर्दी वाढली, दिवसा अवजड गाड्यांना गावात बंदी आली, आणि ट्रक हायवेला जाऊन बसले.

त्याच्याही आधी त्यांना जकात नाक्यांनी अडवलं होतं. पावती फाटेपर्यंत गाडी उभी. गाडी उभी म्हणून चहाची टपरी, टपरी म्हणून बाजलं, बाजल्याशेजारी टायरवाला. जकात कधीच गेली, पण शिरोली नाका, फुलेवाडी नाका ही नावं काही हलली नाहीत. गंगावेशीत तरी आता कुठं वेस आहे? लोक तिथं म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला जातात.

माझं आपलं असं मत आहे की ट्रकवाले रात्री जिथं निजतात तिथं गाव संपतं. नकाशावर नाही संपत. १९७२ मध्ये कोल्हापूरची महापालिका झाली, तेव्हापासून हद्दवाढीचं घोंगडं भिजत पडलंय. मोर्चे निघतात, त्याविरुद्ध मोर्चे निघतात, हद्द जागची हलत नाही. ट्रकवाल्यांनी मात्र कुणाला न विचारता ती उचगावपर्यंत नेली. आता तिथंही अपार्टमेंट झाल्यात, आणि गॅलरीतली माणसं हॉर्नची तक्रार करतात. म्हणजे गाड्या पुन्हा पुढं सरकणार. तसंही कागलच्या पुढं, कर्नाटक हद्दीत डिझेल स्वस्त पडायचं तेव्हा बरेचजण तिकडंच टाकी फुल्ल करून घ्यायचे.

हे सगळं गावाबाहेरचं, असं आपण धरून चालतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं आणि ट्रकच्या रांगा दिवसचे दिवस खिळून राहिल्या. गावात पेट्रोल मिळेना, भाजी मिळेना. त्या दिवसांत ह्याच ड्रायव्हरांना आसपासच्या गावांतून भाकरी-पिठलं गेलं. परमुलखातली माणसं, केबिनमध्ये बसून तांबूस पाणी बघत जेवत होती.

स्टोव्हवर भात रटरटायला लागला. पोरानं पातेल्यावर झाकण ठेवलं, वर एक पाना ठेवला. ड्रायव्हर खाली वाकून म्हणाला, "खाना?" मी हसून मान हलवली. तेवढ्यात रिक्षा आली.

"कुठं, गावात?"

"गावात."

"दादा, हद्दीबाहेरनं घेतोय. दीडपट पडंल."