साखळी आणि खुंटी : विस्कॉन्सिनमधील कोयोटच्या सापळ्यांविषयी

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या मध्य भागातील जमीन बरीचशी वाळूची आहे आणि इथे मेंढ्या पाळणाऱ्या शेतकऱ्यांना कोयोटचा त्रास नवा नाही. कोयोट हा आपल्याकडील कोल्ह्याचा आणि लांडग्याचा जवळचा नातलग; वजन साधारण १० ते २० किलो, स्वभाव अतिशय सावध. पिंजऱ्यात तो सहसा शिरतच नाही, त्यामुळे त्याला धरायचे झाल्यास जमिनीत पुरलेला, पाय पकडणारा जबड्याचा सापळा हाच मुख्य मार्ग उरतो. इथे राहायला आल्यावर राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाचे सापळे लावण्याविषयीचे प्रशिक्षण मी घेतले (पहिल्यांदा परवाना काढणाऱ्याला ते सक्तीचे आहे) आणि तेव्हापासून ओळखीच्या मेंढपाळांच्या कुरणांवर या कामात हातभार लावतो. जबडे कोणते घ्यावेत, आमिष कोणते ठेवावे यावर इथली माणसे तासन्‌तास बोलतात. माझ्या मते मात्र जनावराच्या पायाचे काय होणार हे जबड्यांइतकेच, किंबहुना जास्तच, सापळ्याखालच्या साखळीवर आणि ती साखळी जमिनीला कशी जखडली आहे यावर ठरते.

पुढे जाण्यापूर्वी कायद्याविषयी सांगणे आवश्यक आहे. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वन्य प्राण्याला सापळ्यात पकडणे, किंवा तसा नुसता प्रयत्न करणे, हीसुद्धा शिकारच मानली जाते. युरोपीय संघाने १९९५ पासून अशा सापळ्यांच्या वापरावर बंदी घातली. अमेरिकेतही सर्वत्र एकच नियम नाही : कोलोरॅडोने १९९६ मध्ये आणि कॅलिफोर्नियाने १९९८ मध्ये जनमताचा कौल घेऊन त्यांच्यावर कडक निर्बंध आणले. विस्कॉन्सिनमध्ये ते परवान्याने लावता येतात. मात्र प्रत्येक सापळ्यावर मालकाची ओळख सांगणारी धातूची पट्टी असावी लागते आणि जमिनीवर लावलेला सापळा रोज तपासावा लागतो. या पद्धतीला विरोध करणाऱ्यांचे म्हणणे मला समजते आणि त्यातील कळकळ खरी आहे. म्हणूनच, जिथे सापळा लावलाच जाणार आहे तिथे तो कमीत कमी इजा करील असा लावणे हे लावणाऱ्याचे कर्तव्य ठरते.

आता साखळी. पाय अडकल्यावर कोयोट प्रथम जोराने उसळी मारतो आणि साखळी ताणली जाईपर्यंत धावतो. हे धावण्याचे अंतर जितके जास्त, तितका त्याचा वेग वाढतो आणि ताण बसण्याच्या क्षणी ती सगळी ऊर्जा एका झटक्यात पायावर, सांध्यावर आणि खुंटीवर येते. म्हणून पक्क्या खुंटीला बांधलेल्या सापळ्याची साखळी आखूड ठेवतात. कोयोटसाठी ६ ते १२ इंच, म्हणजे १५ ते ३० सेंटीमीटर, ही लांबी मला योग्य वाटते. पाहणाऱ्याला आखूड साखळी निर्दय वाटते आणि लांब साखळी दिली तर जनावराला जरा मोकळीक मिळेल असे वाटते, पण प्रत्यक्षात होते ते उलट : मोकळीक मिळते ती धाव घेण्यासाठी, आणि प्रत्येक धावेच्या शेवटी हिसका ठरलेला असतो.

आखूड साखळीचाही एक दोष आहे. सापळा खुंटीच्या अगदी डोक्यावर असल्याने जनावराची ओढ सरळ वर लागते आणि पुन्हा पुन्हा वर ओढली गेलेली खुंटी हळूहळू सैल होत उपसून येते. लांब साखळीत ओढ आडवी पडते आणि आडव्या ओढीला तीच खुंटी जास्त दाद देत नाही. त्यामुळे साखळी आखूड करायची तर खुंटी अधिक खोल किंवा अधिक पकडीची हवी. हे दोन वेगळे निर्णय नाहीत, एकाच निर्णयाची दोन टोके आहेत, हे जो विसरतो त्याचे कोयोट सापळ्यासकट निघून जातात. आणि पायात लोखंड घेऊन पळालेल्या जनावराइतकी वाईट गोष्ट या कामात दुसरी कोणतीही नाही.

लांबीइतकेच महत्त्व भोवरकड्यांना आहे. गुराच्या दाव्यात पीळ पडू नये म्हणून भोवरकडी घालतात, तिचे काम इथेही तेच आहे, फरक एवढाच की इथे पीळ पडला तर तो थेट पायाच्या हाडापर्यंत पोचतो. सापळ्याच्या तळाशी एक, साखळीच्या मध्यावर एक आणि खुंटीच्या डोक्यावर एक अशा किमान तीन भोवरकड्या असाव्यात, म्हणजे एखादी मातीने किंवा गवताच्या मुळ्यांनी जाम झाली तरी उरलेल्या फिरत राहतात. साखळी तळपट्टीच्या मध्यभागी जोडलेली असावी; ती कडेला जोडलेली असेल तर ओढ लागताच सापळा तिरपा होतो आणि जबड्यांची कड पायात रुतते. मध्ये एखादी धक्का शोषणारी स्प्रिंग बसवली तर हिसक्याचा काही भाग ती गिळते. मेंढपाळांच्या कुत्र्यांचा वावर असलेल्या कुरणात मी ती नेहमी आग्रहाने बसवायला सांगतो.

खुंटीची निवड ही मातीची निवड आहे. बांधकामातील अर्धा इंच जाडीच्या सळईचा तुकडा, वर घट्ट वेल्ड केलेले डोके, ही सर्वांत सामान्य खुंटी. कठीण चिकणमातीत १८ इंच पुरतात, साध्या जमिनीत २४ इंच लागतात आणि आमच्या वाळूत ३० इंचांचीही खात्री देता येत नाही, कारण जनावर गोल फिरू लागले की खुंटीभोवतीचे भोक रुंद होत जाते. अशा ठिकाणी दोन खुंट्या एकमेकींना छेद देतील अशा तिरप्या कोनात, एकाच दुहेरी कडीतून ठोकतात. ओढ कोणत्याही दिशेने आली तरी त्यांपैकी एक तिच्या आडवी पडते.

वाळूत त्याहूनही चांगला उपाय म्हणजे पोलादी तारेचा नांगर (शेतीचा नव्हे, जहाजाच्या नांगरासारखा जमिनीत रुतून बसणारा). बोटभर लांबीचा धातूचा टोकदार तुकडा तारेच्या शेवटी जोडलेला असतो. त्यात लांब सळई बसवून घणाने तो दीड-दोन फूट खाली ठोकायचा, सळई अलगद उपसून घ्यायची आणि मग तारेच्या वरच्या फासात आकडा अडकवून दोन्ही पाय रोवून वर खेचायचे. पहिले दोन-तीन इंच तार सहज वर येते, नंतर खाली काहीतरी वळल्याचे हाताला स्पष्ट जाणवते आणि तार एकदम ताठ होते. तुकडा मातीत आडवा बसल्याची ती खूण. तार वर येतच राहिली तर तिथे सापळा लावू नये, जागा बदलावी. दगडाळ जमिनीत हा नांगर निरुपयोगी ठरतो आणि तारेचे पदर एका जागी घासून तुटू लागतात, म्हणून प्रत्येक पकडीनंतर तार हाताने चाचपून पाहावी.

झाडीत मात्र सगळा हिशोब उलटतो. तिथे सहा ते आठ फूट लांब साखळीच्या टोकाला दोन आकड्यांचे जड लोखंड जोडून ते मोकळेच ठेवतात. जनावर ते ओढत थोडे अंतर जाते, आकडे झुडपात अडकतात आणि ते तिथेच आडोशाला थांबते. साखळी लांब असूनही हिसका बसत नाही, कारण दुसरे टोक पक्के नसून सरकते आहे. उत्तर अमेरिकेत लांडग्यांना रेडिओ कॉलर लावणारे संशोधकही हीच रचना वापरत आले आहेत. उघड्या माळावर, रस्त्यालगत किंवा खोल पाण्याजवळ ती अजिबात नको. पक्क्या खुंटीच्या बाबतीत याच्या उलट काळजी घ्यावी लागते : साखळी आणि जनावराचे शरीर मिळून जेवढे वर्तुळ होते, तेवढ्यात एकही रोपटे, कुंपणाची तार किंवा ओंडका राहू देऊ नये, नाहीतर साखळी त्याला गुंडाळली जाऊन भोवरकड्या निकामी होतात.

डिसेंबरात जमीन गोठली की कोणतीही खुंटी दगडासारखी बसते आणि त्यावर भरवसा ठेवण्याचा मोह होतो. दुपारच्या उन्हाने वरचा थर सुटला की तीच खुंटी सैल पडते, त्यामुळे वितळणीच्या दिवसांत रोजच्या फेरीत सापळ्याला धक्का न लावता तिची पकड पुन्हा पाहावी लागते. हंगाम संपल्यावर सळया जॅक लावून उपसता येतात. तारेचे नांगर मात्र बहुधा जमिनीतच राहतात. गवत कापायच्या शेतात ती तार जमिनीच्या खाली खणून कापावी आणि प्रत्येक नांगराची जागा लिहून शेतमालकाच्या हाती द्यावी, कारण उन्हाळ्यात कापणीचे यंत्र तिथूनच फिरणार असते.