तुम्ही विचारलंत म्हणून: पाणी सोडताना मी कोणाच्या बाजूचा होतो?

लग्नात, दहाव्याला, एसटीत, कुठेही मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालोय हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला: गाव तुमचं पैठणकडं, नोकरी सगळी नाशिक-नगरच्या धरणांवर, मग खाली पैठणच्या जायकवाडी धरणाला पाणी सोडताना तुम्ही नक्की कोणाच्या बाजूचे होता? विचारणारा वरचा, म्हणजे नाशिक-नगरचा असेल तर त्याच्या लेखी मी मराठवाड्याचा हेर. खालचा असेल तर वरच्यांचं मीठ खाऊन गप्प बसलेला. एकदाच सविस्तर सांगतो, म्हणजे पुढच्या लग्नात निदान जेवता तरी येईल.

शाखा अभियंत्याला बाजू नसते, असं मी इतकी वर्षं सांगत आलो. किती सोडायचं, कधी सोडायचं, हे वरिष्ठांकडून ठरून येतं. आमच्या हातात गेट, गेजवरचा आकडा आणि लोकांच्या शिव्या. हे खरं आहे, पण पूर्ण खरं नाही. गावाकडं आमचाही ऊस आहे आणि तो जायकवाडीच्या कालव्यावर आहे. वरच्या गावांत बैठकीला बसलो की हे मी आपणहून कधी बोललो नाही. का बोलावं? समोरच्यांच्या शेतातही ऊसच होता. दोन्हीकडचे पुढारी भाषणात ‘पिण्याचं पाणी’ म्हणायचे.

कायदा तुम्हाला पाठच आहे. 2005 च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यातलं कलम 12(6)(ग): तूट सारखी वाटून घ्यायला दरवर्षी ऑक्टोबरअखेर खोऱ्यातल्या सगळ्या धरणांत पाण्याची टक्केवारी साधारण सारखी हवी. मग कोणत्या धरणातून किती सोडायचं हे ठरवणारे मेंढेगिरी समितीचे तक्ते, आणि 2014 चा त्याच प्राधिकरणाचा आदेश: 15 ऑक्टोबरला जायकवाडी 65 टक्क्यांच्या खाली असेल तर वरून सोडा. हा आदेश आला तेव्हा मी खूश होतो. आता भांडण माणसांचं राहिलं नाही, आकडा बोलेल, असं सहकाऱ्यांना सांगत फिरायचो. तेव्हाचा तो मी आज भेटला तर त्याला विचारीन, की बाबा रे, जायकवाडीचा उपयुक्त साठा 76.65 टीएमसी, त्याखाली आणखी 26 टीएमसी मृत साठा, म्हणजे एरवी न वापरायचं तळाचं पाणी. वरचे म्हणतात आधी तो वापरा. खालचे म्हणतात तो दुष्काळासाठी. तुझा आकडा यात कुठे बोलला? तो म्हणेल, कायदा नसता तर तेवढंही पाणी खाली गेलं नसतं. यावर मला गप्प बसावं लागेल, कारण त्याचं बरोबर आहे.

आता ती रात्र. साल आणि गाव सांगत नाही.

विसर्ग सुरू होण्याआधी नदीवरच्या केटी वेअरच्या, म्हणजे छोट्या बंधाऱ्यांच्या, पाणी अडवणाऱ्या फळ्या काढायच्या आणि काठच्या मोटारींची लाईन बंद करायची, असा आदेश होता. द्राक्षांची छाटणी होऊन घड निघालेले, म्हणजे पाणी तोडायची सगळ्यांत वाईट वेळ. आम्ही पोलीस बंदोबस्तात पोचलो तर एक म्हातारे बाबा बंधाऱ्याच्या खांबाला टेकून बसलेले. घोषणा नाही, दगड नाही. म्हणाले, “साहेब, धरणाचं पाणी खुशाल न्या. आम्ही हात लावणार नाही. पण ह्या फळ्यांमागं हाये ते आमच्या ओढ्याचं, परतीच्या पावसाचं. ते कोणत्या आदेशात हाये?”

मी त्यांना पढवलेलं उत्तर दिलं. फळ्या ठेवल्या तर वरून येणारं पाणी आधी बंधारे भरणार, रात्री एखादी चोरून लावलेली मोटार चालली की पडलेला खड्डा धरणाचंच पाणी भरणार, आणि मोठ्या विसर्गात पाणी तुंबलं की बाजूने काठ फोडणार. एकही शब्द खोटा नव्हता. बाबा म्हणाले, “बंधारा तर काठोकाठ हाये. वरून आलेलं वरून जाईल की.” हेही खोटं नव्हतं.

पहिली फळी गाळात आणि रबरी सीलमध्ये इतकी घट्ट बसली होती की चेन ब्लॉक लावूनही हलेना. हलली तेव्हा फटीतून पाण्याचा असा फटकारा आला की आमचा एक मजूर बसलाच खाली. मग एकेक करत सगळ्या. पोरं बॅटऱ्या घेऊन मासे धरायला उतरली. उजाडलं तेव्हा पात्रात चिखल, आणि त्या चिखलावर काठच्या मोटारींचे फुटव्हॉल्व्ह उघडे पडलेले, ओळीने. काठावर रचलेल्या फळ्या मोजून मी रजिस्टरवर सही केली. फळ्यांची संख्या लिहायला रकाना होता. वाहून गेलेल्या ओढ्याच्या पाण्याला नव्हता. ते खाली पोचलं असेल तर धरणाच्याच विसर्गात जमा झालं, वाटेत मुरलं असेल तर वहनव्ययात, म्हणजे वाटेतल्या घटीत.

दोन-चार दिवसांनी पैठणहून चुलतभावाचा फोन. “पाणी आलं म्हणतात, पण दिसतंय कुठं?” नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, पसरट आहे, पातळी बोटं मोजावी तशी चढते, हे त्याला समजावलं. पुढे तो म्हणाला, “तुम्हीच वर दाबून ठेवलं असेल.” मी फोन ठेवून दिला. तेव्हापासून आमचं बोलणं कामापुरतंच.

आता विचाराल, सोडायला नको होतं का? सोडायलाच हवं होतं. वर इतकी धरणं झाली आहेत की जायकवाडी बांधताना जो येवा, म्हणजे वरून येणारं पाणी, धरला होता तो आता येतच नाही. ही तूट नुसती पावसाची नाही. पण सोडायचं तर 15 ऑक्टोबरनंतर लगेच सोडा, फळ्या बसायच्या आत, नदी ओली असताना. 2023 ला आदेश ऑक्टोबरअखेर निघाला आणि पाणी सुटायला नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा उजाडला. तोवर नदी वाळते, बंधारे अडवलेले असतात, कोर्टाच्या तारखा पडत राहतात, आणि वहनव्यय वाढला की वरचे म्हणायला मोकळे, बघा, मुरलंच ना?

हे मी एका बैठकीत बोललो होतो. वरच्या एका शेतकऱ्याने तिथल्या तिथे विचारलं, तुम्ही 16 तारखेला सोडाल आणि 20 ला परतीचा पाऊस खालीच पडला, जायकवाडी आपोआप भरलं, तर आमचं गेलेलं पाणी कोण देणार? मी म्हटलं, पुढच्या वर्षीच्या हिशेबात धरू. तो हसला. धरायची तशी कुठे तरतूद नाही, हे त्यालाही माहीत होतं.