गार्डाचा डबा

मंगळवार, रात्री

माळा आज एकदाचा रिकामा झाला. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जातेय, महिनाअखेर घर सोडायचंय. पितळेची भांडी कुणाकडे, गाद्या कुणाकडे, सगळं पटापट ठरलं. अण्णांच्या पत्र्याच्या, खेळण्यातल्या आगगाड्यांची ट्रंक मात्र आठ दिवस हॉलमध्ये मध्येच पडून होती. येता-जाता पायाला लागायची, तरी तिचं काय करायचं ते सुचत नव्हतं.

आजोबा परळच्या जीआयपी रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर. 1947 साली त्यांचा साहेब विलायतेला परत निघाला, तेव्हा स्वतःच्या मुलाची ही हॉर्नबी कंपनीची चावीची गाडी त्याने आजोबांना देऊन टाकली. अण्णा सात वर्षांचे होते. किरमिजी इंजिन, कोळशाच्या टेंडरवर सोनेरी अक्षरांत 'एलएमएस'. अण्णांनी त्याचा अर्थ लावला होता लोणावळा-मुंबई-सातारा, आणि पुढे आम्हालाही तोच सांगितला. लोणावळा आधी आणि मुंबई मग, हे कसं, असं विचारायची सोय नव्हती. लंडन मिडलँड अँड स्कॉटिश हे खरं नाव मला कॉलेजात गेल्यावर कळलं आणि उगाचच फसवल्यासारखं वाटलं.

गाडी वर्षातून एकदाच निघायची, दिवाळीच्या सुट्टीत. खुर्च्या कॉटवर चढवायच्या, फरशीवर रूळ जोडायचे. रूळही पत्र्याचेच, पोकळ; एकाच्या टोकाची पिन दुसऱ्याच्या नळीत खुपसायची. चार फुटांचा गोल पूर्ण झाला की आम्ही भिंतीला पाठ लावून बसायचो. चावी अण्णाच देणार. स्प्रिंग तुटली तर मिळणार नाही, हे दरवर्षी ऐकायचं. मग ती घरघर सुरू व्हायची. वळणावर शेवटचा डबा हटकून घसरायचा आणि अण्णा खरोखरीचा अपघात झाल्यासारखे धावायचे.

भाऊ कॅनडाहून म्हणाला, ऑनलाइन विकून टाक, शौकीन लोक चांगले पैसे देतात. देतीलही. पण कपाटात बंद करून ठेवायलाच. नातवाला द्यावी म्हटलं तर मुलगा म्हणाला, आई, त्या जुन्या रंगात शिसं असेल, तो अजून सगळं तोंडात घालतो. हे मात्र पटलं. भंगारवाल्याने तर ट्रंक नुसती हलवून पाहिली. "टिनपाट आहे हो ताई, वजनात काही भरणार नाही."

पुण्याच्या जोशींच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात मुलांना घेऊन गेले होते मी. भाऊसाहेब जोशींनी 1998 साली ते लोकांना खुलं केलं. सिग्नल, बोगदे, सगळं गाव तिथे हलतं. पण त्या विजेवरच्या नाजूक गाड्या. आमच्या धुडाचे रूळ 32 मिलिमीटर रुंद, तिथल्या रुळांवर ते चालणार कुठे? काचेत उभं राहील, बस. आणि उभ्या गाडीचं मला कौतुक नाही. रेल्वेवाल्याची मुलगी, त्यातून डोंबिवलीकर!

परवा सहज म्हणून इंजिन स्टेशनजवळच्या घड्याळजींकडे नेलं. चावी फिरतच नव्हती. त्यांच्याकडे आता गिऱ्हाईक फारसं नसतं, सेल बदलायला येणारेच जास्त. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि कडेच्या पत्र्याच्या वाकवलेल्या जिभा एकेक करून सरळ केल्या, एकही न तुटता. आत तेलाचा नुसता डिंक झाला होता. "मोडलंय काहीच नाही, बसून बसून धरलंय." उद्या या म्हणाले.

काल गेले, तर काउंटरमागच्या जमिनीवर दोन सरळ रूळ अंथरलेले. (चाचणीला म्हणून मीच ठेवून आले होते.) त्यांनी चावी दिली, केबिनमधला दांडा ओढला. इंजिन पुढे गेलं, दांडा ढकलला, मागे आलं. ते पुन्हा चावी देणार तेवढ्यात कुणीतरी पट्टा बदलायला आलं. "थांबा जरा," त्याला म्हणाले, आणि आधी चावी पूर्ण दिली.

संध्याकाळी रिक्षाने अख्खी ट्रंक त्यांच्याकडे पोचवली. पैशांचा विषय त्यांनी काढला, मी बदलला.

एक गार्डाचा डबा तेवढा मागे ठेवला. अडगळच खरं तर. त्याची चाकं हाताला लागताच भुगा झाली होती. जुन्या ओतीव जस्तात शिशाची भेसळ राहिली की ते आतून फुगतं आणि तडकतं, हेही त्यांनीच सांगितलेलं. नाहीतरी चालणार नाही, मग राहू दे आपल्याकडे आठवण म्हणून, असं मनाशी म्हटलं.

आत्ता नऊ वाजता त्यांचा फोन. "ताई, सगळं मोजलं. गार्डाचा डबा दिसत नाही."

मी चाकांचं सांगितलं.

"चाकांचं बघतो मी. पण गार्डाशिवाय गाडी सोडायची कशी?"

डबा पिशवीत घालून दाराशी ठेवलाय. सकाळी दुधाला जाताना देऊन येईन.