हतनूरच्या बॅकवॉटरमधला डबा : मे अखेरची फेरी

तापीवरच्या हतनूर धरणाच्या बॅकवॉटरमध्ये पाण्याची प्रत मोजणारे सेन्सर बसवलेला माझा एक तरंगता डबा आहे. त्याच्या देखभालीसाठी पहाटे साडेपाचलाच चांगदेवच्या घाटावर पोचलो. नऊनंतर लोखंडी पान्याला हात लावता येत नाही. ओळखीच्या भोई दादांनी होडी काढली. तरंगत्या डब्यापाशी जाताच म्हणाले, "भाऊ, यंदा शेवाळ जास्तच धरलं."

तीन आठवडे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन उतरताना दिसत होता. उन्हाचा परिणाम, असं मी धरून चाललो होतो. यावेळी मात्र काहीही घासण्याआधी आकडा लिहिला : ४.१ मिलिग्रॅम प्रति लिटर. मग मऊ ब्रशने सेन्सरची टोपी साफ केली आणि त्याच पाण्यात, त्याच खोलीवर परत सोडली : ६.४. नंतर ओल्या फडक्याच्या डब्यात कॅलिब्रेशन केलं, म्हणजे सेन्सरचा आकडा माहीत असलेल्या आकड्याशी जुळवला, तर फरक जेमतेम ०.२. म्हणजे सेन्सर ठणठणीत. टोपीवरचा हिरवा थरच रात्रभर ऑक्सिजन पीत होता. (तुलनेसाठी : ३० अंशांना समुद्रसपाटीवर संपृक्त, म्हणजे मावेल तेवढा ऑक्सिजन असलेल्या पाण्यात तो ७.५६ असतो; आपल्या दोनशे मीटर उंचीवर ७.४ च्या आसपास धरा.)

गेल्या वर्षी मी आधी घासायचो आणि मग लिहायचो. त्यामुळे पाच महिन्यांच्या नोंदींत शेवाळाची चूक किती आणि सेन्सरची किती, हे आता वेगळं काढताच येत नाही. त्याची हळहळ अजून जात नाही. तुम्ही नवीन असाल तर एवढं कराच : आधी, घासल्यावर, कॅलिब्रेशननंतर, असे तीन आकडे वहीत हवेतच.

समुद्रातल्या बोयांना शंख-शिंपल्यांचा थर चढतो, म्हणून तिथे सेन्सरभोवती तांब्याची जाळी लावतात. मीही तांब्याची पट्टी गुंडाळली आहे, पण स्टेनलेसच्या क्लॅम्पला टेकू दिली नाही. दोन वेगळे धातू पाण्यात भिडले की गंज लागतो. पीएचचा (पाण्याच्या आम्लतेचा) सेन्सरही ठीक, ७ आणि १० च्या बफरवर, म्हणजे पीएच माहीत असलेल्या द्रावणांवर, तपासला.

घरी गच्चीवरच्या पर्जन्यमापकाने जास्त वेळ खाल्ला. वीस सेंटिमीटरचं नरसाळं, ०.२ मिलिमीटर पावसाला आतलं छोटं भांडं भरून कलंडतं, ती एक टिचकी, म्हणजे ६.२८ मिलिलिटर. ३१४ मिलिलिटर पाणी अर्धा तास थेंबथेंब सोडलं. ५० टिचक्या हव्या होत्या, ४४ आल्या. आत गांधीलमाशीचं मातीचं घर होतं आणि बिजागरीत धूळ. साफ केल्यावर ४९.

धरणाचे दरवाजे उघडले की पाण्याला ओढ येते, गाळही. त्याआधी नांगराचा दोर बदलायचा आहे.