परतीचा टाइप: ओव्हरराइड पुरे की जेनेरिक हवं?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीचं जावातलं सॉफ्टवेअरचं काम आमच्याकडं आहे. चलन, बिल, टेस्ट सर्टिफिकेट या सगळ्यांचा बाप एकच क्लास, ‘दस्तऐवज’. डेटाबेसमधून ते काढून देणारा क्लास ‘भांडार’. त्यातली ‘शोध’ मेथड परत देते दस्तऐवज. बिल हवं असेल त्यानं कास्ट करून घ्यायचं, म्हणजे हा दस्तऐवज बिलच आहे असं कंपायलरला सांगायचं. जुन्या कोडात पानोपानी हे कास्ट.

खानापूरहून येणारी आमची नवी पोरगी म्हणाली, "सर, ओव्हरराइड करताना रिटर्न टाइप बदलता येतोय की! बिलभांडारात शोधचा टाइप बिल ठेवू या."

येतोय, खरंच. ओव्हरराइड म्हणजे बाप क्लासची मेथड पोटक्लासात (इथं बिलभांडारात) पुन्हा लिहिणं. जावा ५ पासून, म्हणजे २००४ पासून, पोटक्लासची मेथड जास्त नेमका टाइप परत देऊ शकते. पण त्या मेथडीत लिहिणार काय? सुपरची, म्हणजे बापाची, शोध बोलवायची आणि कास्ट करून द्यायचं. कास्ट गेला नाही, एका जागी गोळा झाला. (तेही काही कमी नाही म्हणा.) शिवाय प्रत्येक भांडारात तेच पुन्हा.

म्हणून भांडारच जेनेरिक केलं, म्हणजे त्याला टाइपची एक रिकामी जागा दिली, ‘टी’. टी म्हणजे दस्तऐवजाचा कुठलाही पोटक्लास. शोध एकदाच, वर लिहिली. ती टी परत देते. रेकॉर्डवरून वस्तू तयार करणारी ‘बनव’ तेवढी वर नुसती जाहीर केलेली, म्हणजे अ‍ॅबस्ट्रॅक्ट. बिलभांडार ‘भांडार<बिल>’ वाढवतं आणि त्याची बनव सरळ बिल देते. कास्ट नाही.

यादीच्या बाबतीत तर नुसत्या ओव्हरराइडनं भागतच नव्हतं. ‘सगळे’ मेथड वर लिस्ट<दस्तऐवज> देत असेल तर खाली लिस्ट<बिल> चालत नाही. बिल हा दस्तऐवज असला तरी बिलांची लिस्ट ही दस्तऐवजांची लिस्ट नव्हे. लिस्ट<टी> केलं, प्रश्न मिटला.

मग तिला जावॅप (कंपाइल झालेल्या क्लासात काय आहे ते दाखवणारं टूल) चालवून दाखवलं. बिलभांडारात बनव दोनदा! एक बिल देणारी, दुसरी दस्तऐवज देणारी. दुसरी कंपायलरनं घातलेली ब्रिज मेथड. ती पहिलीला बोलवते. "आपण अशा दोन लिहिल्या तर एरर येतोय की," ती म्हणाली. सोर्समध्ये येतो, जेव्हीएम (कंपाइल झालेला कोड चालवणारं मशीन) मात्र मेथड ओळखताना परतीचा टाइपही बघतं, त्यामुळं तिथं दोन्ही नांदतात. साध्या ओव्हरराइडमध्ये टाइप बदलला तरी हाच ब्रिज तयार होतो.

दस्तऐवजाच्या ‘नक्कल’ मेथडला मात्र जेनेरिक लावू दिलं नाही. प्रत्येक क्लास आपली नक्कल स्वतःच बनवतो, तिथं नुसता टाइप बदलणं पुरतं. उगाच दस्तऐवजालाच टी चिकटवला, तर फौंड्रीच्या सगळ्या कोडात दस्तऐवज<?> लिहीत बसावं लागलं असतं.