पाहुण्याने वाकायचे की छत उंच करायचे

२०१७ साली ‘मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम: इन्फिनिट’ हा गेम बाजारात येण्याच्या थोडे आधी तो बनवणाऱ्या कॅपकॉम कंपनीच्या एका प्रतिनिधीने मुलाखतीत केलेले एक विधान फायटिंग गेमच्या चाहत्यांना फार झोंबले. या गेममध्ये मार्व्हलच्या एक्स-मेन या महानायकांच्या कथांमधले कोणीही नव्हते, आणि त्यामुळे जुन्या खेळाडूंचा विशेष लाडका मॅग्नेटोही नव्हता. त्याबद्दल विचारले असता जे उत्तर मिळाले त्याचा आशय असा, की पात्रे म्हणजे शेवटी फंक्शन्स असतात; मॅग्नेटो आवडतो तो त्याला हवेत आठही दिशांना वेगाने झेपावता येते म्हणून, आणि ती सोय आता नोव्हाकडे आणि कॅप्टन मार्व्हलकडेही आहे. या विधानाची भरपूर टिंगल झाली, आणि तीत मीही सामील होतो. आज मात्र ते विधान मला अर्धे खरे वाटते, आणि उरलेले अर्धे कशात आहे हे शोधू लागले की क्रॉसओव्हर, म्हणजे वेगवेगळ्या गेममधली पात्रे एकत्र आणणाऱ्या, फायटिंग गेमचे कर्ते पात्र कसे निवडतात आणि कसे घडवतात, याचा बराचसा उलगडा होतो.

आधी त्या खऱ्या अर्ध्याविषयी. फायटिंग गेममधले पात्र आतून पाहिले तर ते आकड्यांचे एक कोष्टक असते. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे पडद्यावरची ६० चित्रे, या हिशेबाने बटण दाबल्यापासून कितव्या फ्रेमला ठोसा लागू शकतो, तो किती लांब पोहोचतो, हुकला तर हात मागे येईपर्यंत किती फ्रेम आपण उघडे पडतो, उडी किती उंच जाते, वजन किती, असे ते कोष्टक. या आकड्यांतूनच दुरून मारा करणारा, अंगाला भिडणारा, पकडून आपटणारा अशा भूमिका ठरतात, आणि सगळ्या यादीत या भूमिकांची विभागणी नीट झाली नाही तर नावे कितीही मोठी असली तरी खेळ एकसुरी होतो. निंटेंडोच्या वेगवेगळ्या गेममधली पात्रे एकमेकांशी लढवणाऱ्या ‘स्मॅश ब्रदर्स’ मालिकेत ‘फायर एम्ब्लेम’ या दुसऱ्या मालिकेतले तलवारबाज वाढत गेले तेव्हा खेळाडूंनी जी कुरकुर केली, ती व्यक्तींबद्दल कमी आणि एकाच कामाला लागलेल्या इतक्या माणसांबद्दल अधिक होती, असे मला वाटते.

पण निव्वळ फंक्शन्सचा फायटिंग गेम कसा दिसतो, हेही याच मालिकेच्या जन्मकथेत पाहायला मिळते. पहिला ‘स्मॅश ब्रदर्स’ जानेवारी १९९९ मध्ये निंटेंडो ६४ वर आला, परंतु त्याआधी एचएएल लॅबोरेटरी या कंपनीत मासाहिरो साकुराई आणि सातोरू इवाता यांनी ‘ड्रॅगन किंग’ या नावाचा एक नमुना तयार केला होता. रचना साकुराई यांची आणि प्रोग्रॅमिंग इवाता यांचे. त्यात चार जण एकाच वेळी लढू शकत होते, पण लढणारे होते बिनचेहऱ्याचे आणि बिननावाचे पुतळे. घरी बसून खेळणाऱ्याला असे पुतळे धरून ठेवणार नाहीत, हे साकुराई यांच्या लक्षात आले. मग त्यांनी मारिओ, डाँकी काँग, सॅमस आणि फॉक्स यांना घेऊन नवा नमुना बनवला, तोही निंटेंडोची परवानगी आधी न मागता. खेळ हातात देऊनच ती मागायची, असा त्यांचा बेत होता. तो बेत फसला असता तर आज मी हे लिहीत नसतो. यांत्रिक बाजू तयार होती आणि तरीही काहीतरी कमी होते, हे त्या पुतळ्यांनी दाखवून दिले होते.

ओळखीचा चेहरा मिळाला म्हणजे प्रश्न सुटला असेही नसते, कारण प्रत्येक चेहरा आपल्यासोबत सारखेच सामान घेऊन येत नाही. कॅप्टन फाल्कन हे याचे टोकाचे उदाहरण म्हणता येईल. १९९० च्या ‘एफ-झीरो’मध्ये तो शर्यतीचा चालक आहे; शर्यतीत दिसते ती त्याची गाडी, त्याचे लाथ-ठोसे कोणी पाहिलेलेच नव्हते. त्यामुळे पहिल्या ‘स्मॅश’च्या कर्त्यांना त्याची लढण्याची शैली शून्यातून रचावी लागली, आणि त्यांनी रचलेला तो आगीचा, सावकाश येणारा, लागला तर सामना संपवणारा ‘फाल्कन पंच’ इतका रुजला की पुढे ‘एफ-झीरो’वरील अ‍ॅनिमे मालिकेतही तो आला. पाहुणा पाहुणचारातले काही घेऊन स्वतःच्या घरी परतल्याची उदाहरणे फार नाहीत, म्हणून हे मला विशेष वाटते.

दुसऱ्या टोकाला मेगा मॅन. त्याच्या जुन्या गेममध्ये इतकी शस्त्रे आहेत की काय घ्यावे यापेक्षा काय सोडावे हाच प्रश्न असावा. हरवलेल्या रोबोचे शस्त्र मिळवायचे, हा त्या मालिकेचा गाभा, म्हणून ‘स्मॅश’मध्ये त्याचा जवळजवळ प्रत्येक हल्ला कोणत्या ना कोणत्या शत्रूकडून आलेला आहे: मेटल मॅनची चक्रे, वुड मॅनचे पानांचे कवच, क्रॅश मॅनचा चिकटणारा बाँब. ही शस्त्रे कोणाच्याही नजरेत भरतील. मला मात्र खरी कारागिरी त्याच्या सर्वांत साध्या हल्ल्यात दिसते. इतर पात्रे जवळच्या माणसाला ठोसा मारतात तिथे मेगा मॅन छोटी गोळी झाडतो, चालताना झाडतो, उडी मारतानाही झाडतो, आणि पडद्यावर एका वेळी त्याच्या तीनच गोळ्या असू शकतात. ही तीनची मर्यादा त्याच्या जुन्या गेममधली आहे. ज्याने तो गेम खेळला आहे त्याच्या अंगठ्याला ती लय डोळ्यांच्या आधी आठवते. पात्राचे काम आणि पात्राची ओळख या दोन गोष्टी इथे वेगळ्या काढताच येत नाहीत, आणि ‘फंक्शन’वाल्या विधानातून निसटले ते हेच.

खरी कसोटी लागते ती पाहुणा दुसऱ्या एखाद्या फायटिंग गेममधून येतो तेव्हा, कारण तो स्वतःचे नियम बरोबर घेऊन येतो. २०१५ मध्ये ‘स्ट्रीट फायटर’चा र्‍यू ‘स्मॅश’मध्ये आला. ‘स्मॅश’मध्ये एक दिशा आणि एक बटण एवढ्यावर विशेष हल्ला होतो, र्‍यूच्या घरी मात्र त्यासाठी स्टिक पाव वर्तुळात फिरवावी लागते. कर्त्यांनी दोन्ही दारे उघडी ठेवली, म्हणजे सोप्या रीतीनेही हादोकेन हा त्याचा अग्निगोळा सुटतो, पण जुन्या पद्धतीने स्टिक फिरवली तर तो अधिक जोरदार सुटतो. तरीही एक अडचण राहिलीच. ‘स्ट्रीट फायटर’मध्ये दोघे कायम समोरासमोर असतात, म्हणून ‘पुढे’ म्हणजे कोणती दिशा हे कधी विचारावे लागत नाही, आणि ‘स्मॅश’मध्ये प्रतिस्पर्ध्याकडे पाठ फिरवून उभे राहणे अगदी नेहमीचे. ‘स्मॅश’च्या २०१८ च्या ‘अल्टिमेट’ या भागात यावर उपाय केला गेला, तो असा की एकास एक सामन्यात र्‍यू आणि त्याच्याच मालिकेतला केन आपोआप प्रतिस्पर्ध्याकडे वळतात. यजमानाने एका पाहुण्यासाठी घरातली उठबस बदलावी, तसाच हा प्रकार.

‘स्ट्रीट फायटर’च्याच अकुमाचे ‘टेकन ७’ या दुसऱ्या फायटिंग गेममधले आगमन याहून धाडसी होते, आणि त्याची किंमतही मोजावी लागली. ‘टेकन’मध्ये प्रत्येक बटण एकेका हातापायाचे आणि मैदान त्रिमितीय, त्यामुळे बाजूला सरकून हल्ला चुकवता येतो. ‘स्ट्रीट फायटर’मध्ये अग्निगोळा आला की तो अडवायचा किंवा उडी मारायची, आणि त्या उडीची वाट पाहणे हेच तिथले राजकारण, जिथे एक पाऊल बाजूला टाकून गोळा निरर्थक करता येतो तिथे ते राजकारण कोसळते. तरी अकुमाला त्याचा गोळा दिला, उडी मारून वरून येणारे हल्ले दिले, हल्ला मध्येच तोडून दुसऱ्यात मिसळण्याची त्याची पद्धत दिली, आणि लढताना भरत जाणारा आणि खास हल्ल्यांसाठी खर्चता येणारा मीटरही दिला, जो ‘टेकन’च्या नेहमीच्या पात्रांकडे नव्हताच. शिवाय त्याला थेट ‘टेकन’च्या केंद्रस्थानी असलेल्या मिशिमा घराण्याच्या कथेत गुंफले. त्या घराण्यातल्या काझुमीला दिलेल्या शब्दामुळे तो तिचा नवरा हेहाची आणि मुलगा काझुया यांच्या मागे लागतो. परिणामी तो हुबेहूब अकुमा झाला, पण त्याच्याशी लढणाऱ्याला एक वेगळाच गेम शिकावा लागला, आणि स्पर्धात्मक खेळाडूंच्या तक्रारींचा तो बराच काळ विषय राहिला. मला तो प्रयोग आवडतो, अर्थात मी स्पर्धांमध्ये उतरत नाही म्हणून मला तो परवडतो, हेही मान्य केले पाहिजे.

यजमानाने किती वाकावे याची परिसीमा ऑक्टोबर २०२० मध्ये ‘माइनक्राफ्ट’च्या स्टीव्हने गाठली. ‘माइनक्राफ्ट’मधून खणणे आणि रचणे काढून घेतले तर उरतो तो एक चौकोनी माणूस. म्हणून लढता लढता त्याला जमीन खणता आली पाहिजे, त्यातून माती, लाकूड, दगड, लोखंड मिळाले पाहिजे, आणि हवेत ठोकळे ठेवून त्यांवर उभे राहता आले पाहिजे, असे ठरले. पण ठोकळा ठेवायचा म्हणजे मैदानाने तो स्वीकारायला हवा, आणि ‘अल्टिमेट’मध्ये शंभरहून अधिक मैदाने होती, काही हलणारी, काही फिरणारी, काही कोसळणारी. या एका पात्रासाठी ती सगळी पुन्हा हाताळावी लागल्याचे साकुराई यांनीच सांगितले. स्टीव्हने कोणत्या जमिनीवर खणले यावर काय मिळेल हेही काही अंशी ठरते, त्याची हत्यारे झिजतात आणि तुटतात, आणि मग सामन्याच्या मध्यातच त्याला कामाच्या टेबलापाशी जाऊन नवी बनवावी लागतात. मारामारी चालू असताना एकजण शांतपणे जमीन खणतो आहे, हे दृश्य विनोदी आहे खरे, पण ‘माइनक्राफ्ट’ खेळणे म्हणजे काय याचे याहून चोख भाषांतर मला सुचत नाही.

मालकी हक्कांचा भाग थोडक्यात सांगतो, कारण तो महत्त्वाचा असला तरी त्यात रचनेचे कौशल्य कमी आणि वाटाघाटी जास्त असतात. २०१५ मध्ये चाहत्यांच्या मतदानात सर्वाधिक मागणी झालेला, डिस्नेच्या मालकीचा ‘किंगडम हार्ट्स’मधला सोरा ‘स्मॅश’मध्ये पोहोचला तो ऑक्टोबर २०२१ मध्ये, शेवटचे पात्र म्हणून. मालकाच्या अटींतून कधी कधी रचनाही जन्माला येते: २००८ च्या ‘मॉर्टल कॉम्बॅट व्हर्सेस डीसी युनिव्हर्स’मध्ये सुपरमॅन, बॅटमन यांना प्रतिस्पर्ध्याचा जीव घेऊ देणे शक्य नव्हते, म्हणून त्या नायकांसाठी न मारता संपवणारा ‘हिरोइक ब्रूटॅलिटी’ हा वेगळा प्रकार योजला गेला.

श्रमांचा हिशेब मात्र निवडीवर सतत सावली धरून असतो. २००० सालच्या ‘मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम २’मध्ये ५६ पात्रे भरता आली ती बहुतेकांची चित्रे आधीच्या गेममधून तयार मिळाल्यामुळे, आणि म्हणूनच १९९४ सालची मॉरिगन तिथे नव्या सोबत्यांमध्ये थोडी जुनाट दिसते. पहिल्या ‘स्मॅश’मध्ये ‘पोकेमॉन’च्या जिग्लीपफला जागा मिळण्यात तिचा, त्याच गेममधल्या किर्बीसारखा, गोल देह कामी आला. ‘फायर एम्ब्लेम’ची लुसिना तर आधी त्याच मालिकेतल्या मार्थचा केवळ दुसरा पोशाख म्हणून योजलेली होती. मार्थच्या तलवारीचे टोक अधिक जोरात लागते आणि लुसिनाची तलवार सर्वत्र सारखी, एवढ्याशा फरकावर ती स्वतंत्र पात्र झाली. उलट जोडीने लढणारे आइस क्लाइंबर्स ‘३डीएस’ या कन्सोलला पेलवेनात म्हणून त्या पिढीत वगळले गेले.

हे सारे पाहिले की ‘हे पात्र फायटिंग गेमला योग्य नाही’ या वाक्यावरचा विश्वास उडतो. ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग’चा गावकरी आधी याच कारणाने नाकारला गेला होता, आणि २०१४ मध्ये तो जाळे, गलोल आणि झाड तोडायची कुऱ्हाड घेऊन आला; समोरून आलेला बाण तो खिशात घालतो आणि मग परत करतो. त्याच वेळी आलेली ‘वी फिट’ या व्यायामाच्या गेममधली प्रशिक्षिका तर सूर्यनमस्काराच्या मुद्रेतून प्रकाशाचा गोळा सोडते. रिडलीच्या बाबतीत मात्र आक्षेप वजनदार होता. सॅमसचा हा शत्रू ‘मेट्रॉइड’मध्ये अवाढव्य आहे, त्याला इतरांच्या मापात बसवले तर तो रिडली राहणार नाही, असे साकुराई वर्षानुवर्षे सांगत आले, आणि चाहत्यांमध्ये त्यावरून विनोदांची एक परंपराच उभी राहिली. २०१८ मध्ये तो ‘अल्टिमेट’मध्ये आला तेव्हा त्याला नुसता लहान केलेला नव्हता, पाठीत वाकवलेला होता. सामन्याचा बहुतेक वेळ तो गुडघे मुडपून, मान पुढे काढून, पंख आवरून उभा असतो, आणि एखाद्या क्षणी शेपटी ताणत अंग सरळ करतो, तेव्हा इतका वेळ तो किती आखडून बसला होता हे दिसते.