कमळ इतकं सावकाश का उमलतं?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याच्या चौकात दर गणपतीत मी उजेडाचं कमळ टांगते. बघून झालं की हटकून कुणीतरी विचारतं, "माणूस जवळ आला की ते लगेच का उमलत नाही? कुठे अडकतं का?" तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

पाकळ्या चोवीस. बांबूच्या कामट्यांवर पतंगाचा कागद, प्रत्येकीच्या देठाशी एक सर्व्हो मोटर (सांगितलेल्या कोनापर्यंतच फिरणारी छोटी मोटर), आत एलईडी. खाली अल्ट्रासॉनिक सेन्सर. तो आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतो आणि प्रतिध्वनी परतायला लागलेल्या वेळावरून अंतर काढतो. हवेत आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. मीटरभरावरच्या माणसाला शिवून तो सहा मिलिसेकंदांच्या आत परत येतो. तेव्हा उशीर तिथे होत नाही.

पहिल्या वर्षी कमळ खरंच लगेच उमलायचं. मुलं धावत यायची, फटकन उघडलं की पळून जायची. मग आरतीआधी शेजारच्या काकू समोर शांत उभ्या राहिल्या आणि पाकळ्या थरथरू लागल्या. मला वाटलं, मोटरा गेल्या. रात्री सेन्सरचे अंतराचे आकडे काढून पाहिले, सेंटीमीटरमधले: 92, 94, 400, 93, 400. त्यांची सुती साडी! मऊ कापड आवाज पिऊन टाकतं, निऱ्या त्याला भलतीकडे वळवतात. प्रतिध्वनी आला नाही की सेन्सर 400 दाखवतो, म्हणजे त्याच्या लेखी समोर कुणीच नाही. कागद चिकटवायला खळ शिजवून दिली होती ती याच काकूंनी. नेमक्या त्यांच्यासमोर कमळ मिटू पाहत होतं, हे मला फार लागलं.

मग पाच आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत लावून त्यातला मधला धरायचा, असं ठरवलं. शिवाय पाकळीने दर 60 मिलिसेकंदांनी हव्या त्या जागेपर्यंत उरलेल्या अंतराचा विसावा भागच सरकायचं. या चालीने जवळजवळ पूर्ण उमलायला साडेतीन सेकंद लागतात. उजेडही तसाच बेताबेताने वाढवला. डोळ्याला अंधारातले फरक जास्त कळतात, म्हणून निम्मा उजेड भासायला उजेडाच्या 255 पायऱ्यांपैकी सुमारे 56 पुरतात.

थरथर गेली. आणि लोक थांबू लागले, मुलंसुद्धा! काठी टेकून उभे असलेले एक आजोबा शेवटची पाकळी उघडेपर्यंत हलले नाहीत.

यंदा लेसरचा सेन्सर बसवलाय. साडीवरूनही आकडे स्थिर येतात, त्या साडेतीन सेकंदांची आता गरज उरलेली नाही. मी ते तसेच ठेवलेत.